दोन मुक्कामांचं फिलाडेल्फिया

"फिलाडेल्फिया आमच्यापासून जवळच आहे. दोन मुक्कामांत सगळं होईल ना?" असे फोन मला मे महिन्यापासून येऊ लागतात. न्यू जर्सीत एडिसन-आयझलिनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मुलामुलींचे आई-बाबा तोवर भारतातून आलेले असतात. नायगारा झालेला असतो, न्यूयॉर्क झालेलं असतं. मग एखाद्या शनिवार-रविवारला शुक्रवारची रजा जोडून जवळचं आणि जुनं असं काहीतरी हवं असतं. अशा छोट्या सहली आखून देणं हे माझं काम. हॉटेल, तिकिटं, कुठून कुठे किती चालायचं, दुपारी कुठे टेकायचं, हे सगळं मी लिहून देते आणि मुलांना सवड नसेल तर आई-बाबांबरोबर स्वतः जाते.

फोनपाठोपाठ यादी येते. लिबर्टी बेल, इंडिपेंडन्स हॉल, रॉकीच्या पायऱ्या, 'लव्ह'चं शिल्प, सिटी हॉलचा मनोरा, बेट्सी रॉसचं घर, ईस्टर्न स्टेटचा जुना तुरुंग आणि वेळ उरला तर व्हॅली फोर्ज. वेळ उरत नाही. सत्तरीच्या माणसाला दिवसभरात चालणं आणि उभं राहणं मिळून चार तास झेपतात. ते चार तास कशावर खर्च करायचे हे ठरवणं म्हणजेच सहल आखणं, असं माझं मत या कामात पक्कं होत गेलं. म्हणून यादी हाती आली की मी आधी खोडायला घेते.

मुलांच्या ते जिवावर येतं. त्यांनी रजा काढलेली असते, पैसे मोजलेले असतात. "आई-बाबा पुन्हा कधी येणार?" हा त्यांचा प्रश्नही खरा असतो. मी वाद घालत नाही, उलट प्रश्न विचारते. आईंचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना? बाबांना इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं का? उपास कुठल्या वारी असतो? हॉटेलच्या न्हाणीघरात उंच काठाचा टब चालेल, की सपाट फरशीचा शॉवरच हवा? हा शेवटचा प्रश्न कुणाला सुचत नाही. ओल्या टबात पाय उचलून शिरणं हा या वयात सहलीतला सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. खोली आरक्षित केल्यावरही मी हॉटेलला फोन करून शॉवरची खात्री करून घेते.

जायचं ते आगगाडीने. फिलाडेल्फियाच्या मध्यभागात पार्किंग महाग आहे. शिवाय गाडी असली की मुलांचा जीव गाडीत अडकतो, हे मी फार पाहिलंय. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल ट्रेंटनला संपते, तिथे सेप्टाची लोकल पकडायची. दोन्ही मिळून दोनेक तास लागतात. ट्रेंटनला सामान घेऊन फलाट बदलावा लागतो, म्हणून लिफ्ट कुठे आहे ते मी आधीच सांगून ठेवते. दर माणशी एकच बॅग, आणि तीही चाकांची. ट्रेंटन सुटताच डेलावेअर नदी लागते. १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असताना वॉशिंग्टनने आपलं सैन्य याच नदीतून, थोडं वरच्या अंगाला, पार नेलं होतं. खिडकीतून पाणी दिसतं ते जेमतेम मिनिटभर. पण वॉशिंग्टनच्या सैन्याच्या छावणीचं व्हॅली फोर्ज यादीतून गेल्याची हळहळ असलेल्या काकांना एवढं दाखवलं की बरं वाटतं.

जेफरसन स्टेशनला उतरायचं. या गाडीला त्याआधी थर्टीएथ स्ट्रीट स्टेशन लागतं. ते १९३३ सालचं आणि फार देखणं आहे, पण तिथे उतरलं की पुढे टॅक्सी आली. जेफरसनहून वर आलं की शेजारीच रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ मध्ये रीडिंग रेल्वेने आपल्या फलाटांखाली बांधलेला हा बाजार आजही भाजी, मासळी, पाव, चीज यांनी भरलेला असतो. लँकेस्टरकडून येणाऱ्या आमिश लोकांची दुकानं रविवारी बंद असतात. ती पाहायची तर शुक्रवार किंवा शनिवारच हवा, आणि म्हणून बाजार पहिल्या दिवशी. पांढरी टोपी घातलेल्या मुली समोर कणीक वळतात, पीळ देऊन प्रेट्झेल करतात आणि भट्टीतून काढल्यावर त्यावर लोणी फासतात. शाकाहारी माणसांची पहिली भूक इथे भागते. शिवाय कणकेवर बसणारा दुसऱ्या देशातल्या बाईचा हात आपल्या काकू ज्या बारकाईने बघतात, तो वेळ मी कधीच कमी करत नाही. बाजाराला मी पुरा दीड तास देते.

या शहरात आई-बाबा चटकन रुळतात, त्याचं श्रेय विल्यम पेनला. १६८२ मध्ये त्याने डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधे काटकोनात रस्ते आखून घेतले आणि पाच चौक मोकळे सोडले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना बहुतेक झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. आकडा वाढला की आपण डेलावेअरपासून दूर चाललो, एवढं कळलं की पुरे. एरवी मुलाचा हात सोडून न हिंडणारे काका सकाळी सहाला उठून एकटे चहा शोधायला जातात आणि पत्ता न विचारता परत येतात. मधल्या चौकात सिटी हॉल आहे. १८७१ ला बांधायला घेतला, १९०१ ला पुरा झाला. ५४८ फूट उंच, आणि माथ्यावर पेनचा ३७ फुटी पुतळा. त्याच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही, असा अलिखित संकेत या शहराने १९८० च्या दशकापर्यंत पाळला. मनोऱ्यावर जाणारी लिफ्ट इवलीशी आहे आणि वाट फार पाहावी लागते, म्हणून मनोरा खोडलेला. खालच्या चौकातून मान वर करून पाहिलं की माझ्या लेखी सिटी हॉल झाला.

शुक्रवारी दुपारी सक्तीची झोप. संध्याकाळी कलासंग्रहालय. ते शुक्रवारी उशिरापर्यंत उघडं असतं, आणि आठवड्यात मंगळवार-बुधवार बंद. 'रॉकी' सिनेमातल्या त्या ७२ पायऱ्या पुढच्या अंगाला आहेत. आम्ही टॅक्सीने मागच्या, पश्चिमेच्या दाराशी उतरतो, तिथे चढ नाही. आत गेल्यावर सगळं संग्रहालय बघायचं नसतं. मी त्यांना थेट एका दालनात नेते. तिथे मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराचा, सोळाव्या शतकातला, काळ्या-करड्या दगडाचा मंडप उभा आहे. ॲडलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईने १९१२ मध्ये मदुराईत हे खांब विकत घेतले, आणि तिच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये घरच्यांनी ते संग्रहालयाला दिले. पुढे स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या विदुषीने इथल्या भारतीय कलेचा सांभाळ केला. हे सगळं मी बाहेर बाकावरच सांगते. आत बोलत नाही, कारण आत शिरल्यावर बहुतेक काकू आधी स्वतःच्या बुटांकडे बघतात. काढायचे की नाही, हे ठरत नाही. खांबावरच्या मूर्तीला हात लावता येत नाही, पण दुरून हात जोडता येतात. एक आजोबा खूप वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हे इथे नको होतं, पण नीट ठेवलंय." मलाही ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी वाटतात. मंदिराचे खांब देवळापासून दूर आणल्याचं दुःख मला दर वेळी होतं, आणि दर वेळी मी तिथे माणसं घेऊन जाते.

शनिवार हा या सहलीचा कणा. इंडिपेंडन्स हॉलमध्ये शिरायला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. तिकिटाला पैसे नाहीत, ऑनलाइन आरक्षणाला मात्र माणशी एक डॉलर पडतो. जानेवारी-फेब्रुवारीत तिकिटाची अट नसते, पण त्या थंडीत मी कुणाच्या आईला तिथे उभं करणार नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारची चांगली वेळ झपाट्याने संपते, त्यामुळे हॉटेलच्याही आधी मी हे तिकीट काढते आणि उरलेला दिवस त्याच्याभोवती बसवते. अकराच्या आसपासची वेळ मला सोयीची वाटते. त्याआधी सुरक्षा तपासणीला अर्धा तास धरायचा आणि त्याहूनही आधी सहाव्या रस्त्यावरच्या व्हिजिटर सेंटरमधली स्वच्छतागृहं गाठायची.

अकराची वेळ घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. हॉलच्या आधी मला दोन जागा दाखवायच्या असतात, आणि त्यांचा क्रम मी कुणाच्याही आग्रहाने बदलत नाही. पहिली, सहाव्या आणि मार्केट रस्त्याच्या कोपऱ्यावरची प्रेसिडेंट्स हाउसची जागा. १७९० ते १८०० ही दहा वर्षं फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, आणि राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आणि त्यांच्यानंतर ॲडम्स इथल्या घरात राहत. घर केव्हाच पाडलं गेलं. २००७ मध्ये उत्खननात पाया सापडला. तो काचेखाली दिसतो, आणि २०१० पासून त्यावर उघड्या आकाशाखाली स्मारक आहे. वॉशिंग्टनच्या या घरात गुलाम म्हणून राबलेल्या नऊ जणांची नावं तिथे दगडात कोरली आहेत.

पेनसिल्वेनियाने १७८० मध्येच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता. बाहेरच्या राज्यातल्या मालकाने गुलाम आणून सलग सहा महिने इथे ठेवला, तर तो गुलाम मुक्त होऊ शकत असे. म्हणून सहा महिने भरायच्या आत वॉशिंग्टन आपल्या माणसांना राज्याबाहेर पाठवत आणि परत आणत. या नऊ जणांपैकी ओना जज ही विशीतली मुलगी मार्था वॉशिंग्टनची खास दासी. मार्थाच्या नातीला ती आंदण म्हणून जाणार, हे तिच्या कानावर आलं. २१ मे १७९६ रोजी घरातली माणसं जेवायला बसली असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्‌स्मथला पोहोचली. तिला धरून आणणाऱ्याला बक्षीस देऊ, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. पुढेही तिला परत आणायचे प्रयत्न झाले. कायद्याने ती मरेपर्यंत गुलामच राहिली, पण परत मात्र गेली नाही.

हे मी मराठीत सांगते, तिथेच उभी राहून. दुसरी जागा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ती म्हणजे लिबर्टी बेल. २,०८० पौंडांची ही घंटा १७५२ मध्ये लंडनहून आली, आल्या आल्याच तडकली, आणि इथल्या पास आणि स्टो या दोघांनी ती पुन्हा ओतली. आज जी रुंद भेग दिसते ती नंतरची. पण तोवर स्टेट हाउसची, म्हणजे आताच्या इंडिपेंडन्स हॉलची, घंटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घंटेला 'लिबर्टी बेल' हे नाव रूढ केलं ते १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी. आधी ओना जज आणि मग घंटा, असं पाहिलं की हे नाव वेगळं ऐकू येतं. उलट्या क्रमाने पाहिलं तर घंटेपुढे फोटो होतात आणि कोपऱ्यावरचं स्मारक जाता जाता मागे पडतं. बसने येणाऱ्या घाईच्या सहलींत हेच होताना मी पाहते.

एकदा सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका बरोबर होत्या. ती नऊ नावं त्यांनी एकेक करून वाचली आणि म्हणाल्या, "जोतीरावांनी 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलंय, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक होतं, पण त्या जागी उभं राहून ते मनात आलं नव्हतं. १८७३ चं ते पुस्तक महात्मा फुल्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तेही निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या निःस्वार्थ कामाबद्दल. पुण्यात बसून फुल्यांनी ज्यांच्याकडे बोट दाखवलं, त्यांची सुरुवातीची लढाई जिथे झाली त्या शहरांपैकी हे एक. बाईंनी ते माझ्याबरोबरच्या सगळ्यांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. तेव्हापासून माझ्या कागदावर ही ओळ आहे, आणि ती त्यांची आहे.

या कागदाबद्दल सांगायला हवं. हॉलमध्ये पार्कचे रेंजर माहिती देतात. त्यांचं इंग्रजी भराभर असतं, आणि खोलीत काही मिनिटंच थांबता येतं. म्हणून आदल्या रात्री मी प्रत्येकाला मोठ्या टायपातलं एक मराठी पान देते. कुठल्या खोलीत काय झालं आणि कुठे बघायचं, एवढंच त्यात असतं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ च्या ४ जुलैला आणि राज्यघटना १७८७ मध्ये, दोन्ही एकाच खोलीत मंजूर झाल्या. ती खोली अपेक्षेपेक्षा लहान आहे. हिरव्या कापडाची टेबलं, दौती, मेणबत्त्या, आणि समोर वॉशिंग्टनची उंच पाठीची खुर्ची. बाकी बरंचसं सामान त्या काळातलं असलं तरी त्याच खोलीतलं नाही, खुर्ची मात्र तीच आहे. तिच्या माथ्यावर सोनेरी अर्धा सूर्य कोरलेला आहे. घटनेवर सह्या होत असताना म्हातारा फ्रँकलिन म्हणाला होता की हा सूर्य उगवता की मावळता हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवताच आहे. पानावर मी लिहिते, 'खुर्चीचा माथा बघा.' रेंजरचं बोलणं निसटलं तरी चालतं, सगळ्यांच्या नजरा त्या सूर्यावर असतात. ज्यांनी सकाळी नऊ नावं वाचलेली असतात, ती माणसं त्या सूर्याकडे पाहून लगेच हसत नाहीत. मला तेच हवं असतं. या खोलीतलं काम मोठं होतं आणि अपुरं होतं, हे दोन्ही त्यांना कुणी भाषण न देता कळावं.

दुपारनंतर फार काही नाही. एल्फ्रेथ्स ॲली ही अठराव्या शतकापासून आजवर अखंड वस्ती असलेली अरुंद गल्ली, विटांची ३२ घरं. दगडी फरसबंदी खडबडीत आहे, काठीवाल्यांनी कडेच्या विटांवरून चालावं. पाचव्या आणि आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर फ्रँकलिनची कबर भिंतीतल्या गजांमधून बाहेरूनच दिसते. बेट्सी रॉसचं घर खोडलेलं. ईस्टर्न स्टेटही. एकांतवासाच्या शिक्षेचा हा तुरुंग फार महत्त्वाचा आहे, पण त्याला स्वतःचा दिवस आणि शाबूत पाय हवेत.

रविवारची सकाळ आनंदीबाईंची. शुक्रवारी गाडीत बसल्यापासून कुणी ना कुणी विचारत असतं, "आनंदीबाईंचं कॉलेज दाखवणार ना?" १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी याच शहरात विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाईंनंतर गुरुबाई करमरकरही याच कॉलेजातून १८९२ मध्ये डॉक्टर होऊन मुंबईला परतल्या. आनंदीबाईंच्या वेळी कॉलेज नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर, जिरार्ड कॉलेजच्या उंच दगडी भिंतीजवळ होतं. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्सला हललं, पुढे विलीन होत होत ड्रेक्सेल विद्यापीठात गेलं. त्या जुन्या रस्त्यावर नेऊन 'इथे होतं' म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. म्हणून मी पाइन स्ट्रीटवर आठव्या रस्त्याशी नेते.

तिथे पेनसिल्वेनिया हॉस्पिटल आहे. फ्रँकलिन आणि डॉक्टर टॉमस बाँड यांनी १७५१ मध्ये स्थापलेलं, देशातलं पहिलं. कुंपणाबाहेरून जुनी विटांची इमारत आणि हिरवळीवरचा पेनचा पुतळा दिसतो. नोव्हेंबर १८६९ मध्ये विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी इथल्या व्याख्यानाला प्रथमच आल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, रस्त्यापर्यंत पाठलाग केला. त्या मुली पुन्हा आल्या. आनंदीबाई या शहरात आल्या त्याच्या चौदा वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांच्यासाठी दार उघडं होतं, कारण आधी कुणीतरी ते असं अंगावर घेऊन उघडलं होतं. हे सांगून झालं की मी पिशवीतून एक छायाचित्र काढते, १८८५ च्या ऑक्टोबरमधलं. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात: डावीकडे लुगड्यातल्या आनंदीबाई, मधे जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबूली. हातोहात फिरून ते परत यायला बराच वेळ लागतो. तो मी कागदावर आधीच धरलेला असतो.

सांगलीच्या बाईंनी ते छायाचित्र सगळ्यात शेवटी परत दिलं. परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, आनंदीबाईंच्या अस्थी कुठे आहेत? २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, वय एकविशीचं. अस्थी अमेरिकेला, त्यांना मुलीसारखं सांभाळणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या आहेत. तिथे जायचं तर ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइनची गाडी, जाताना डावी खिडकी, म्हणजे नदी बरोबर राहते. स्टेशनवरून पुढे टॅक्सी. कार्पेंटरबाईंचं गाव रोझेल तर एडिसनहून अगदी जवळ, वाटेतच.

बाईंनी तिथूनच मुलीला फोन लावला. "अगं, पुढच्या शनिवारी मॉलचं आणि त्या उंच इमारतीचं ठरवलंयस ना? ते राहू दे. मला पुकीप्सीला जायचंय."

मुलगी बहुधा विचारत असावी की तिथे बघायला आहे काय. बाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा तिला, आणि गाडीची वेळही सांगा."